आठ दिवस नजरेआड

माझ्या धाकट्या दिराला पाहायला मुलीकडची माणसं यायची होती, आणि त्या दिवसांत माझी नणंद घरात दिसू नये असं ठरलं. ठरवलं सासूबाईंनी. नणंद म्हणजे त्यांची पोटची मुलगी.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आणीबाणी लागायला अजून जवळजवळ दीड वर्ष होतं. आम्ही महालात राहत होतो. सासूबाई, माझे यजमान, दीर, नणंद आणि मी, एवढीच माणसं. यजमान गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात होते. मी सिव्हिल लाइन्सला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि रोज सायकलनं जात-येत होते. नागपुरात त्याचं कोणाला नवल नव्हतं. नणंद माझ्याच वयाची, सत्तावीस-अठ्ठावीसची. दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली होती. नवऱ्यानं एकदा हात उचलला. दुसऱ्यांदा उचलायच्या आत ती एसटीत बसलेली होती.

लग्नाआधी ती मास्तरणीचा कोर्स पास झाली होती. पण ते सर्टिफिकेट सासरी पेटीत राहिलं. तिनं तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. दुसरी प्रत काढायची तर कॉलेजात खेटे घालावे लागणार होते, आणि घरात कोणालाच त्याची घाई नव्हती. आज ना उद्या ती नांदायला परत जाईल, मग नोकरी कशाला, असं सासूबाईंचं चाललेलं. मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प होते, हेही इथंच सांगून टाकते.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सासूबाई भाजी निवडता निवडता तिला म्हणाल्या, "काटोलले मावशीकडं जाय आठ दिवस. संत्र्याचे दिवस आहेत. तेवढाच हवापालट होईल."

"मले लपवून राहिली का आई?"

"लपवून नाही वं. लोक विचारतात ना, मोठी बहीण घरी काहून आहे म्हणून. मी काय सांगू?"

"सासर सोडून आली म्हणून सांग."

"तसं सांगता येत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि भाजीची टोपली उचलून आत गेल्या.

नणंद बराच वेळ चौकटीत उभी राहिली. मग आतल्या बाजूला तोंड करून शांतपणे म्हणाली, "जाते. आठ दिवस तुले दिसणार नाही. पण एसटीनं नाही जाणार, सायकलनं जाईन. आणि मावशीकडंच राहीन असंही नाही."

मी तेव्हाच म्हणाले, "मीपण येते." असं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. पण माझी रजा शिल्लक होती. शिवाय त्या चौकटीत ती एकटी उभी होती ते मला पाहवत नव्हतं.

घरात दोन दिवस वादळ झालं. सासूबाईंचं म्हणणं, दोन बाया, सोबत पुरुष माणूस नाही, ना ठावठिकाणा, लोक काय म्हणतील. नणंद म्हणाली, "लोकांच्या नजरेआड तूच पाठवून राहिली. आता त्या नजरेआड मी कुठं असन ते मी पाहीन." यजमान भांडणात पडले नाहीत. ते स्वभावानं मवाळ. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःची सायकल धुऊन, तेल घालून, पुढच्या चाकाला नवी ट्यूब टाकून अंगणात आणून उभी केली. ती दांडीची, पुरुषी सायकल होती. ते नऊ दिवस ते गांधीबागेत पायी गेले.

दांडीच्या सायकलवर साडी चालेना, म्हणून नणंदेनं माझ्या बहिणीचा पंजाबी ड्रेस मागून आणला. तिला तो आखूड होत होता. माझी लेडीज सायकल होती. कॅरिअरला एकेक वळकटी, एक थैली, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, तिखटमिठाच्या पुऱ्या. नकाशा नव्हता. काटोलपर्यंतचा रस्ता विचारायची गरज नव्हती आणि त्यापुढचं ठरवलेलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. फेटरी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. गहू गुडघ्याएवढा होता. कळमेश्वरच्या अलीकडे एका बाईनं शेताच्या धुऱ्यावरून हाक मारून आम्हाला थांबवलं. आम्ही कुटुंबनियोजनवाल्या नाही ना, याची आधी खात्री करून घेतली आणि मग ओंजळ भरून हिरव्या हरभऱ्याचे घाटे दिले. ते सोलत आम्ही बाभळीखाली तासभर बसलो. कुठं पोचायची घाई नाही अशी सकाळ माझ्या लग्नानंतर मी पाहिली नव्हती. नणंद पाय पसरून म्हणाली, "वहिनी, तू मले अहो-जाहो करू नको आता. चढावर तेवढाही दम पुरत नाही." तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणते.

मोटारवाले हॉर्न वाजवत जायचे. एका ट्रकच्या क्लीनरनं बाहेर वाकून काहीतरी अचकट म्हटलं. पुढं एका चहाच्या टपरीवर तो ट्रक उभा दिसला. नणंद सायकल घेऊन सरळ त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "मघाशी ऐकू आलं नाही, आता सांग." तो चहाचा ग्लास घेऊन ट्रकच्या मागे सरकला. ड्रायव्हर हसला आणि त्यालाच ओरडला. आम्ही चहा घेतला आणि निघालो. मी मात्र पुढचे दोन मैल मागे वळून वळून पाहत होते.

काटोलला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मावशी म्हणजे सासूबाईंची सख्खी बहीण. त्यांनीच नणंदेचं ते लग्न जमवलं होतं, कारण तिचं सासर काटोलहून नरखेडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होतं आणि ती माणसं बाजाराला काटोललाच यायची. मावशींनी आमच्या सायकली आधी ओढून आत अंगणात घेतल्या. मग म्हणाल्या, "न्हाणीत ऊन पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी आम्हाला उठता-बसता येईना. दिवसभर अंग शेकत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं चहा देताना सांगितलं, "उद्या मंगळवारी जावईबापू अन् व्याही येऊन राहिले. मी निरोप धाडला होता. समोरासमोर बसून बोलणं करून टाकू. तुझ्या आईचंही तेच म्हणणं आहे."

तेव्हा आम्हाला कळलं की हा नुसता लपवण्याचा बेत नव्हता. आठ दिवसांत तिकडे दिराचं स्थळ जमवायचं आणि इकडून मुलगी सासरी परत धाडायची, असा दुहेरी विचार होता. मी नणंदेकडे पाहिलं. तिनं चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "मावशी, तो आज येता तर मी त्याले भेटली असती. मंगळवारी मी नाही."

"कुठं जातेस?"

"ते ठरलं नाही अजून."

मावशीनं माझा हात धरला. "तू तरी सांग तिले. तू सून आहेस त्या घरची."

मी म्हणाले, "म्हणूनच सोबत जाते." हे वाक्य मी नंतर कित्येकदा आठवून पाहिलं आहे. आयुष्यात वेळेवर सुचलेली अशी वाक्यं मला फार नाहीत.

काटोलचा बाजार तेव्हा भरात होता. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, वरून गवत, लाकडी पेट्या ठोकायचा आवाज. गर्दीतून सायकली हातात धरून बाहेर पडलो आणि नरखेडच्या रस्त्याला लागलो. माझ्या मागच्या चाकात काटा गेला तेव्हा दुपार कलली होती. पंक्चर काढता येतं असं मी घरी छातीठोक सांगितलं होतं. पण ट्यूब बाहेर काढल्यावर भोक सापडेना, कारण बुडवून पाहायला पाणी नव्हतं.

रस्त्याच्या कडेला संत्र्याची बाग होती. तिच्या राखणदाराची बायको आमची खटपट पाहत उभी होती. पन्नाशीची, उंच, लुगडं घट्ट नेसलेली. तिनं आम्हाला आत बोलावलं आणि घमेलं भरून पाणी दिलं. भोक सापडलं, ठिगळ लागलं, पण तोवर ऊन उतरलं होतं. ती म्हणाली, "आता कुठं जाता? राहा इथंच. माहा माणूस मालकाच्या कामानं नागपूरले गेला. मी एकटीच आहो."

घर दोन खणांचं, स्वच्छ सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती तसबीर आम्हाला दिसेल अशी तिनं थोडं बाजूला सरून वाट दिली, आणि आमच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय पाहायचं होतं ते मला समजलं. खरं सांगते, क्षणभर मी अडखळले. माहेरी आणि सासरी जे शिकले होते ते माझ्या पायांनी आधी आठवलं. नणंद तोवर आत जाऊन चुलीपाशी बसली होती आणि म्हणत होती, "बाई, भाकर मी थापू का?" त्या बाईनं मला पुन्हा एकदा पाहिलं आणि मी आत गेले. त्या अडखळण्याची लाज मला वाटली. ती वाटायलाच हवी होती.

जेवताना तिनं नणंदेला विचारलं, लेकरंबाळं किती. नणंदेनं सगळं सांगून टाकलं, लपवाछपवी केली नाही. बाई ऐकत राहिली. मग आपलं सांगू लागली. छप्पन साली दसऱ्याला ती धम्मदीक्षा घ्यायला नागपूरला गेली होती, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. गावातल्या लोकांनी सांगितलं होतं, हा धर्म सोडून गेलात तर विहिरीवर, वावरात कुठं उभं करणार नाही. "परत आलो तं खरंच कामावर घेतलं नाही," ती म्हणाली. "दोन वर्सं लय वाईट गेले. मंग या बागेत आलो."

"वाईट वाटलं नाही सोडल्याचं?" मी विचारलं.

"काय होतं तिथं वाईट वाटाले?" ती म्हणाली, आणि नणंदेकडे वळली. "तुमचं काही राह्यलं का तिकडं, सासरी?"

"माझं सर्टिफिकेट राह्यलं. मास्तरणीचं."

"मंग आणा ना."

तिनं हे अगदी, मीठ राहिलं तर आणा, अशा आवाजात म्हटलं. नणंद घास हातात धरून थांबली. दोन वर्षं घरात पत्रं, चर्चा, अर्ज, काय काय चाललं होतं. जाऊन आणावं, असं कोणीही म्हटलं नव्हतं.

सकाळी निघताना मी त्या बाईच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरलं. "पाया पडत नसतो आम्ही," ती म्हणाली. "जयभीम म्हणा." आम्ही म्हटलं. पाच-सहा संत्री तिनं माझ्या थैलीत टाकली.

वाटेत नणंदेनं विचारलं, "वहिनी, तू गावाबाहेर थांबते का?"

"नाही," मी म्हणाले. भीती वाटत होती, पण गावाबाहेर एकटीनं थांबायची जास्त वाटत होती.

तिच्या सासरचं गाव रस्त्यापासून मैलभर आत होतं. आम्ही शिरलो तशी माणसं कामं टाकून पाहू लागली. पंजाबी ड्रेस घालून दांडीच्या सायकलवर बसलेली बाई ही पाटलांच्या घरची सून आहे, हे त्यांना ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर मात्र बातमी आमच्या पुढं धावली. घरापाशी पोचलो तेव्हा तिचे सासरे ओट्यावर उभे होते.

"आज मंगळवार," ते म्हणाले. "आम्ही तिकडंच निघून राहिलो होतो. अन् तू इथं? पुरुष माणूस कोण आहे सोबत?"

"कोणी नाही. वहिनी आहे. मी माझ्या पेटीतला कागद न्याले आली."

"नांदाले आली असशील तर आत ये. कागद-बिगद मले माहीत नाही. पेटीची किल्ली त्याच्यापाशी आहे. तो पुढं काटोलच्या बाजारात गेला."

"मग बसते," नणंद म्हणाली, आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. तिनं सायकल कडुनिंबाला टेकवून ठेवली होती. मीही बसले.

आम्ही तिथं सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बसलो. लिहायला हे एक वाक्य लागतं, पण ते पाच तास होते. शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या, कुजबुजल्या, गेल्या, पुन्हा आल्या. सासरे दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा म्हणाले, पोलीस पाटलाला बोलावतो. नणंद म्हणाली, "बोलवा." माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी सायकलची चेन काढून पुसत बसले. एकच चेन मी तीनदा पुसली.

पोलीस पाटील आला. म्हातारा, पागोटेवाला. त्याला वाटलं होतं काहीतरी मोठं प्रकरण आहे. त्यानं नणंदेला विचारलं, "काय पाहिजे तुले, पोरी?"

"माझ्या शिक्षणाचा कागद."

"दागिने?"

"नाही."

"भांडी?"

"नाही."

तो थोडा वेळ ओट्यावर टेकला. मग सासऱ्यांना म्हणाला, "कागदच तं मागते गा. देऊन टाका. कागद ठेवून तुम्ही काय त्याचं लोणचं घालता?" बायांत कोणीतरी हसलं. सासरे आत निघून गेले.

नवरा दोन वाजता आला. मी त्याला त्यांच्या लग्नानंतर प्रथमच पाहत होते. देखणा माणूस होता. तो आधी नणंदेच्या ड्रेसकडे, मग सायकलकडे, मग जमलेल्या लोकांकडे पाहत राहिला. लोकांसमोर त्याला काही करता येईना, ते दिसत होतं. त्यानं पेटी बाहेर आणली आणि ओट्यावर आदळली. "घे, पाहून घे," तो म्हणाला.

नणंदेनं पेटी उघडली. आत तिच्या दोन साड्या, एक स्वेटर, शाळेतल्या मैत्रिणींचा फोटो. सर्टिफिकेट नव्हतं. तिनं सगळं एकेक करून बाहेर काढलं, तळाचा कागदही उचलून पाहिला. नव्हतं.

"फेकलं असन कोणी," तो म्हणाला.

तोवर तिचा चेहरा एकदाही हलला नव्हता. आता हलला. मी उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं की आता परत जावं, झालं तेवढं पुष्कळ झालं.

तेवढ्यात घरातून तिची सासू बाहेर आली. सकाळपासून ती दारात दिसलीही नव्हती. ठेंगणी, गुडघ्यांनी अधू बाई. तिच्या हातात खताच्या पोत्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिनं नणंदेच्या हातात दिलं. "यानं चुलीत टाकाले काढलं होतं," ती मुलाकडे न पाहता म्हणाली. "मी देव्हाऱ्याखाली ठेवलं."

मुलगा काहीतरी बोलायला गेला. ती त्याच्याकडे वळलीच नाही. नणंदेला म्हणाली, "जेवून जाय."

"जेवत नाही, आई. पाणी पिते."

सासूनं तांब्या आणला. नणंद उभ्यानंच प्यायली. नवरा म्हणाला, "आता गेलीस तर पुन्हा इथं पाय ठेवाचा नाही."

"ठेवायचा असता तर दोन वर्षांत ठेवला असता," ती म्हणाली. साड्या तिनं तिथंच सोडल्या. स्वेटर आणि फोटो घेतला. आम्ही निघालो. पोलीस पाटील वेशीपर्यंत आमच्यासोबत चालत आला. आम्हाला सोडायला आला होता की घालवायला, कोण जाणे. बोलला मात्र संत्र्यावरच्या रोगाबद्दल.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "आता नागपूर?"

"काहून?" ती म्हणाली. "मले आठ दिवस बाहेर राहाले सांगतलं. आज चौथा."

पुढचे दिवस आम्ही जसे घालवले तसे नंतर कधी घालवता आले नाहीत. वाट दिसेल तिकडे गेलो. बैलगाडीच्या रस्त्यानं जाऊन एका नाल्यावर कपडे धुतले आणि वाळेपर्यंत बसून राहिलो. नरखेडला एका शिंपिणीच्या घरी राहिलो. तिनं नणंदेचा ड्रेस खाली कापड जोडून लांब करून दिला. कापड वेगळ्याच रंगाचं होतं. एका गावात शाळेच्या व्हरांड्यात झोपायची परवानगी मागितली तर गुरुजींनी कारण विचारलं. नणंदेनं प्लास्टिक सोडून सर्टिफिकेट पुढं धरलं. गुरुजींनी ते नीट वाचलं आणि आम्हाला व्हरांड्याऐवजी वर्ग उघडून दिला. सकाळी प्रार्थनेनंतर तिनं दुसरीच्या मुलांना अर्धा तास शिकवलंही. ती फळ्यावर लिहीत होती तेव्हा मी मागच्या पाटावर बसून पाहत होते. तिचं अक्षर इतकं सुंदर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पांढुर्ण्याला आम्ही दोन दिवस उगीचच राहिलो. तिथून सावनेरच्या रस्त्याला चढ-उतार लागतात. एका उतारावर नणंदेचा ब्रेक सुटला आणि ती गिट्टीच्या ढिगावर जाऊन पडली. गुडघा फाटला. मी ओढणीची पट्टी बांधली. ती रडेल असं मला वाटलं, तर ती हसायला लागली आणि बराच वेळ हसत राहिली. मग रडली. तेही बराच वेळ. मी संत्रं सोलून तिच्या हातात देत राहिले. त्या दिवशी फार पुढं गेलो नाही, त्यामुळे एक दिवस वाढला.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही महालात शिरलो. दोघींची तोंडं उन्हानं काळी पडलेली, केसांत धूळ. घरासमोर आलो तर दारात अनोळखी चपला आणि बूट. मुलीकडच्यांनी येणं एक दिवस पुढं ढकललं होतं. सासूबाईंनी खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि पदराआडून हातानं खूण केली, मागच्या बोळीनं या.

मी खरंच बोळीकडे वळले होते. नणंद वळली नाही. तिनं सायकल घरासमोर स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि पुढच्या दारानं आत गेली. मग मीही सायकल तिथंच लावली.

बैठकीत मुलीचे वडील, काका आणि एक म्हातारी बाई बसलेली. सासूबाईंच्या हातात चहाची तबकडी होती. नणंदेनं हात जोडले. "नमस्कार. मी मुलाची मोठी बहीण."

म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कुठून आली, बाई?"

"पांढुर्ण्याहून. सायकलनं."

"अन् सासर कुठलं?"

"सासर सोडलं मी. दोन वर्षं झाली. आता शाळेत नोकरी करीन."

सासूबाईंनी तबकडी खाली ठेवली. मुलीच्या काकांनी पांढुर्ण्याच्या रस्त्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकलं नाही. चहा पिऊन ती माणसं उठली. कळवतो म्हणाली. आठवड्यानं नकार आला.

सासूबाई महिनाभर आम्हा दोघींशी बोलल्या नाहीत. एकदाच दिराला म्हणाल्या, आम्हाला ऐकू येईल असं, "तुझं नशीब या दोघींनी सायकलीखाली घातलं." दीरही काही दिवस फुगून होता. वर्ष-दीड वर्षानं दुसरं स्थळ आलं तेव्हा मात्र त्यानं स्वतःच पहिल्या भेटीत बहिणीचं सांगून टाकलं. त्या घरानं मुलगी दिली. ती आजही माझी जाऊ आहे, आणि पहिल्या नकाराचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. बहिणीला लपवून जे जमणार होतं ते जमलं नाही, एवढंच झालं.

नणंदेचा नोकरीचा अर्ज मी टाइप केला. कचेरीच्या मशिनवर, कचेरीच्या कागदावर, कचेरीच्या वेळात. सर्टिफिकेटच्या तीन नकला काढल्या. अर्जात पतीचं नाव लिहायची एक रेघ होती. मी विचारलं, काय घालू. ती म्हणाली, "कोरी ठेव." अर्ज परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा कोरी ठेवून. तिसऱ्यांदा जिल्हा परिषदेच्या बाबूंनी मला ऑफिसात बोलावून समजावलं की रेघ भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. मी त्यांच्यासमोर बसून त्या रेघेवर तिच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि म्हणाले, आता सरकवा. जूनमध्ये तिला कळमेश्वरकडच्या एका खेड्यात शाळा मिळाली. कायदेशीर फारकत व्हायला पुढं सात वर्षं लागली, पण पगार तिच्या नावावर त्याच महिन्यापासून सुरू झाला.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघी सायकलनं उमरेडच्या बाजूला गेलो, बारा दिवस. सासूबाई म्हणाल्या, "आता काय कारण आहे?" आम्ही काही कारण सांगितलं नाही.